पाखरांची जाळी

"आणि तिथं काय सोडून आलास?"

येसाईनं विचारलं तेव्हा हैबतीच्या खांद्यावरची पडशीसुद्धा उतरली नव्हती.

तो ह्याच प्रश्नाची वाट बघत होता. गयेपासून इथवर, आगगाडीत, एस.टी.त, शेवटी घाटाच्या पायवाटेवर, त्यानं हे उत्तर मनात घोळवलं होतं. तरी लगेच बोलला नाही. जरा थांबला. उत्तर देण्याआधी थांबलं की माणूस मोठा दिसतो, हे तो गयेच्या घाटावरच्या महाराजांकडं बघून शिकून आला होता.

"करवंद," तो म्हणाला.

येसाई सुपात तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"पिंड दिल्यावर उपाध्याय म्हणाले, आता वडिलांच्या नावानं एक फळ वर्ज्य करा. आमच्या संगतीतले लोक कसले! ज्याला पपई आवडत नाही त्यानं पपई सोडली. एकानं तर जन्मात न खाल्लेलं फळ सोडलं. मी म्हटलं, सोडायचं तर जिवाचं सोडायचं. संकल्प केला. ह्या देहानं पुन्हा करवंद तोंडाला लावायचं नाही."

"त्या उपाध्यायाला करवंद ठावं होतं?"

"नाही. दोनदा विचारलं त्यांनी, हे काय असतं म्हणून."

"मग?"

"सांगितलं, आमच्या डोंगराचा मेवा आहे."

"हं…"

बारा वर्षं तिच्यापाशी राहून हैबतीला तिचे सगळे हुंकार कळायला लागले होते. हा मात्र कळला नाही.

"तुम्हांला आनंद नाही झाला, आई?"

"मी रं कधीपास्नं 'तुम्ही' झाले?" येसाईनं सूप बाजूला सारलं. "ऊठ. पाय धू. बाया सड्यावर येऊन बसल्यात."

येसाई म्हणजे काळकाईच्या सड्याची राखणदारीण. हैबती तिच्या पोटचा नव्हे, चेला; पण हाक 'आई' अशीच.

सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं उघडं कातळ. माती असली तर वीतभर, तीही खाचाखोचांत. पावसात निसरडं, उन्हात तापला तवा. मोठं झाड तिथं टिकत नाही. टिकते ती करवंदीची जाळी. तिला कुणी पाणी घालत नाही, गुरं तोंड लावत नाहीत, आणि वणवा आला तर वरून जळून जाते नि मुळातून पुन्हा उठते. तिच्या काट्यांच्या आत ससा निवांत झोपतो. लावरी अंडी घालते. शेळीच्या तोंडातून वाचलेलं जांभळाचं एखादं रोप तिच्याच आडोशानं डोकं वर काढतं.

वैशाखात फळ काळं पडलं की खालच्या ठाकरवाडीच्या बाया पाट्या घेऊन येतात. पण राखणदारानं सडा उघडल्याशिवाय एकही बाई फळाला हात लावत नाही.

उघडायचा म्हणजे चाखायचा. राखणदार जाळीजाळीपाशी जातो, एकेक फळ खातो. आंबट, आंबटगोड त्या जाळ्या बायांच्या. आणि सगळ्यांत गोड निघतील त्या सहासात जाळ्या पाखरांच्या. त्यांना फडकं बांधायचं. फडकं बांधलेल्या जाळीला माणसानं शिवायचं नाही.

ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं. उलटं काही नाही. बुलबुल जे खातो तेच पेरतो. आंबट खाईल तर सडाभर आंबट पेरील. काळकाईचं करवंद पंचक्रोशीत गोड, ते काय आभाळातून पडलं? पिढ्यान् पिढ्या बायांनी गोड फळावरून हात मागं घेतला, म्हणून गोड.

आणि कुठली जाळी कोणत्या साली गोड होईल, सांगता येत नाही. थंडी कशी पडली, धुकं किती बसलं, तशी चव फिरते. म्हणून दर साली नव्यानं चाखायचं.

हे चाखणं येसाईनं हैबतीला शिकवलं होतं. फळ दातानं फोडायचं नाही, जिभेनं टाळूवर दाबायचं. पहिली चव थुंकायची, ती चिकाची. दुसरी गिळायची, ती जाळीची. गेल्या वैशाखात ती म्हणाली होती, "हैबत्या, तुझी जीभ आता माझ्याहून शहाणी झाली बघ."

त्या दिवसापासून हैबती जरा ताठच चालत होता.

सड्यावर पंधराएक बाया सावली धरून बसल्या होत्या. सगळ्यांत पुढं चिमा. ठाकरवाडीत हिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती.

"आला गं बाई, गयावाला आला!" ती ओरडली. "काय आनलंस रं आमाला?"

"गंगा आणली आहे."

"ती ठेव देवापाशी. आन् सडा उघड बिगीबिगी. दोन दिस झालं, दुपारचं आभाळ भरून येतंय. एक वळीव कोसळला का समदं फळ मातीत. वरसाचं मीठमिरची ह्या पंधरा दिसांवर असतंय आमचं."

खरंच पश्चिमेला ढग काळे होत होते.

येसाईनं कमरेची पिशवी सोडली. आत फडकी होती, जुन्या लुगड्याची, तांबडी. तिनं ती पिशवी सगळ्यांदेखत हैबतीच्या हातात दिली.

"घे. आजपास्नं राखण तुझी."

बारा वर्षं तो ह्या पिशवीसाठी थांबला होता. पिशवी त्यानं कपाळाला लावली.

"बरं, आई. तू चाख. मी मागोमाग फडकं बांधत येतो."

"मी चाखू?"

"मला तर वर्ज्य आहे."

येसाई जवळ आली आणि फक्त त्यालाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माघात ताप आला होता मला. तू गयेला निघायच्या तयारीत होतास. ताप गेला, आन् जाताना जीभ घेऊन गेला. गूळ खाल्ला काय, राख खाल्ली काय… मला सारखंच. कुणाला बोलले न्हाई. म्हटलं, हैबत्या हाये."

हैबतीच्या पायाखालचा कातळ हलल्यासारखा झाला. पण माणूस शिकून आलेला असला की लवकर पडत नाही, आधी बोलतो.

"आई, ह्यात देवाचाच हात असेल," तो म्हणाला, आणि बायांनाही ऐकू जाईल असं म्हणाला. "खाणाऱ्याला मोह असतो. जो खातच नाही त्याच्या हाती रान निर्धास्त. खरा राखणदार तोच. मी डोळ्यांनी पारखीन. वासानं पारखीन. बारा वर्षं काय उगीच गेली?"

"न जेवणारा आचारी!" चिमा म्हणाली. "पंगतीचं काय खरं न्हाई मंग."

बाया फिसकन हसल्या.

येसाई हसली नाही. "पारख," म्हणाली.

हैबती पहिल्या जाळीपाशी गेला. फळ बारीक, रंगाला मळकट, काळेपणात तांबूस झाक. चमक नाही. त्यानं एक फळ तोडलं. देठातून पांढरा चीक टपकला. बोटात दाबून पाहिलं, हुंगलं. वास नाकात शिरला तशी तोंडात लाळ सुटली. ती त्यानं निश्चयानं गिळली.

"ही साधारण. बायांची," त्यानं जाहीर केलं.

चिमानं पाटी खाली ठेवली. दोन फळं तोडून पाटीत टाकली, तिसरं सवयीनं तोंडात.

आणि तिचा हात फांदीवरच राहिला.

"काय झालं?"

चिमानं हळूच फळ गिळलं. बिया तळहातावर काढल्या. पाटीतली दोन फळं उचलून जाळीच्या बुडाशी ठेवली.

"हैबती… ही पाखरांची हाये."

मागच्या बायांनी उचललेल्या पाट्या खाली ठेवल्या.

"गप ऱ्हायले असते तर पाटी भरली असती माझी," चिमा म्हणाली. आता तिच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. "पर घरी जाऊन पोरास्नी काय सांगू? पाखराच्या चोचीतलं आनलं म्हून?"

हैबतीचे कान तापले. बारा वर्षांत त्याची एक जाळी चुकली नव्हती. आणि आज पहिलीच, सगळ्यांसमोर, पाटी घेऊन आलेल्या बाईनं त्याला सांगितली.

"मग तूच चाख ना," तो चिडून म्हणाला. "तू चाख, मी बांधतो."

"नगं बाबा. मी गोड म्हनले तर ह्या म्हनतील, चिमी पाखरांशी सोयरीक करतीया. आंबट म्हनले तर म्हनतील, सोताच्या पाटीसाठी म्हनतीया. ज्याची पाटी न्हाई त्यानंच चाखावं. तुमचाच कायदा हाये."

ढग गुरगुरले. बायांच्यात चुळबूळ सुरू झाली.

हैबतीला एकदम सुचलं. त्याचा चेहरा उजळला.

"आई! तू फळ अर्धं चाव, आणि राहिलेलं मला दे. गुरूचं उष्टं म्हणजे प्रसाद. प्रसाद हे फळ नव्हे. प्रसादाला कुठलाच नेम आड येत नाही. शास्त्रच आहे."

"असं?"

"तिथं विद्वान मंडळी सांगत होती."

येसाईनं एक फळ तोडलं. उरलेल्या दोन दातांनी अर्धं केलं. राहिलेलं अर्धं बोटांच्या चिमटीत धरून त्याच्यापुढं केलं.

हैबतीनं डोळे मिटले, हात जोडले, तोंड उघडलं.

काही आलं नाही.

डोळे उघडले तर तिचा हात तसाच, वीतभर लांब.

"प्रसाद हाये न्हवं?"

"हो."

"मंग आंबट लागला तर आंबट म्हणशील?"

हैबतीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"प्रसादाला कुणी आंबट म्हणतं का रं?" येसाईनं ते अर्धं फळ कातळावर टाकलं. मुंग्यांची सोय झाली.

हैबती मटकन खाली बसला. पिशवी मांडीवर. शिकून आलेलं सगळं संपलं होतं. आता जे निघालं ते आतलं निघालं.

"आई, मी मोठेपणासाठी नाही गं सोडलं. म्हणजे… तेही होतं थोडं. पण बाबा जायच्या आधी दोन दिवस मला काय म्हणाले, ठाऊक आहे? म्हणाले, लोकांच्या पोरांनी घरं बांधली, शेतं केली. तू बारा वर्षं डोंगरावर बसून करवंदं खाल्लीस. दुसरं काय केलंस? बस, एवढंच. मग बोललेच नाहीत. मी गयेत बसलो तेव्हा कानात तेच. म्हणून म्हटलं, बाबा, घ्या. नाही खात."

येसाई त्याच्याशेजारी बसली. गुडघे कडकड वाजले.

ती समोरच्या जाळीकडं बघत होती. आत कुठंतरी बुलबुल बोलत होता.

"म्हणजे बापाचंच खरं करून आलास," ती म्हणाली. "तो म्हणाला, पोरगं नुसतं खात होतं. तू जाऊन त्याला सांगून आलास, व्हय बाबा, नुसतं खातच होतो. आता न्हाई खात."

हैबतीनं मान वर केली. कुणीतरी अंगावर गार पाणी ओतावं तसा तो तिच्याकडं बघत राहिला. इतक्या लांबचा प्रवास, एवढा मोठा संकल्प, आणि त्याचा अर्थ असाही निघत होता.

"पण आता मोडलं तर… त्यांना तिकडं काही…"

"मला तिकडचं काय बी ठावं न्हाई," येसाई म्हणाली. "मला हा सडा ठावा हाये."

वारा उठला. पहिल्या जाळीतलं एक पिकलं फळ टपकन कातळावर पडलं आणि फुटलं. मग दुसरं. बाया उभ्या राहिल्या होत्या. चिमानं तोंडाला पदर लावला होता.

हैबती उठला.

चिमानं नाकारलेल्या त्याच जाळीपाशी गेला. त्यानं डोळे मिटले नाहीत, हात जोडले नाहीत. फळ तोडलं नि तोंडात टाकलं.

जिभेनं टाळूवर दाबलं. पहिली चव थुंकली.

दुसरी आली.

दोन महिने परक्या पाण्याची, परक्या पिठाची, प्रसादाच्या पेढ्यांची सवय झालेली जीभ एकदम घरी आली. त्याला हसू फुटलं. इतकं अचानक की त्याची त्यालाच लाज वाटली.

"चिमा खरं बोलली," तो मोठ्यानं म्हणाला. "पाखरांची." आणि पहिलं फडकं बांधलं.

"सांग," येसाई मागून म्हणाली.

"काय?"

"कशी लागली ते सांग. माझी जीभ गेली, कान हायेत अजून."

"गोड."

"गोड तर साखर बी असती. ह्याच्यासाठी बारा वर्षं शिकवलं तुला? नीट सांग."

हैबतीनं पुन्हा जीभ टाळूला लावली. "आधी… विहिरीच्या काठावरच्या गार दगडासारखं. मग हळूच गूळ. नवा न्हवं, जुना, काळा. आन् गिळल्यावर मागं एक बारीकसा कडूपणा ऱ्हातो, मोहराच्या वासासारखा."

गयेहून आणलेली भाषा वाटेत कुठं गळून पडली, त्याला कळलं नाही.

येसाईचं बोळकं हलायला लागलं. तोंडात काही नव्हतं, तरी ती चघळत होती.

"व्हय," ती म्हणाली. "अशीच. धुकं जास्त पडलं त्या साली अशीच हुती ही. पुढं चल."

दुसरी जाळी तुरट. तिसरी आंबट, पण लोणच्याला झकास. "बायांची!" हैबती ओरडला, आणि बाया गलका करत धावल्या. चौथी मिळमिळीत, पाणथळीतली होती. पाचवीनं त्याचे डोळे बारीक केले, तशी चिमा लांबून म्हणाली, "बघा गं, थोबाड बघा! ही आमचीच!"

प्रत्येक जाळीपाशी येसाई विचारायची, "सांग." आणि तो सांगायचा. एक चव ओल्या मातीच्या चुलीसारखी. एक उन्हात तापलेल्या पितळेसारखी. एक अगदी लहानपणच्या तापातल्या पेजेसारखी. ती ऐकायची, चघळायची, मान डोलवायची. दोनदा तिनं चूक काढली. "तसं नसंल. पुन्यांदा दाब." त्यानं पुन्हा दाबलं, आणि खरंच तसं नव्हतं.

आभाळ दोन थेंब टाकून पुढं सरकलं. वळीव पलीकडच्या डोंगरावर कोसळताना दिसत होता.

ऊन कलेपर्यंत बायांच्या पाट्या भरल्या. हात काट्यांनी ओरबाडलेले, ओठ जांभळे. पानांचे खोले करून त्यांनी वरची निवडक करवंदं त्यांत भरली, आणि गाणं नाही की भांडण नाही अशा मधल्याच आवाजात त्या खाली उतरल्या. चिमानं जाता जाता एक खोला येसाईपुढं ठेवला.

"म्हातारे, खा."

"ठेव," येसाई म्हणाली. "हैबत्या सांगंल मला."

आता सड्यावर दोघंच. सहा जाळ्यांवर तांबडी फडकी फडफडत होती. शेवटची जाळी कड्याच्या टोकाला होती. तिच्या पलीकडं नुसती दरी.

हैबतीनं एक फळ तोडलं. तोंडात टाकलं.

आणि फडकं हातात तसंच धरून दरीकडं बघत राहिला.

येसाई वाट बघत होती. दरीतून वर आलेला वारा तिच्या पांढऱ्या केसांत शिरला.

"आई," शेवटी तो म्हणाला, "गयेत दिलेला शब्द मोडला. ह्याचं पाप कुणाला?"

"गोड हाये?"

"हाये."

"किती?"

हैबतीनं जीभ टाळूवरून फिरवली. दगड आठवला, गूळ आठवला, पितळ आठवलं. एकही लागू पडेना.

"…सांगता येत न्हाई, आई."

"मंग आणखी एक खा."